लाँचर कशाला लागतो आणि गेमची मजा येते कुठून?

दहावीच्या सुट्टीत भाच्यानं पीसी असेंबल करून घेतला आणि पहिल्याच रविवारी दुपारी त्याचा फोन आला. "मामा, गेम एकच खेळायचाय आणि अकाउंट तीन काढायला लावतायत. एका दुकानातून विकत घेतला, डाउनलोड झाला, प्ले दाबलं तर भलत्याच कंपनीची खिडकी उघडली. ती म्हणते आधी मला अपडेट कर. मग लॉगिन. मग मेलवर आलेला कोड. मग पुन्हा पहिल्या खिडकीत. अर्धा तास झाला, अजून गेम दिसलेला नाही." थोडं थांबून त्यानं आणखी एक विचारलं, "आणि एवढं करून गेम बोअर निघाला तर?"

मला हे दोन्ही प्रश्न एकाच जातीचे वाटतात. पहिला गेमपर्यंत पोचण्याचा, दुसरा गेमच्या आतला. पण दोन्हीकडे एकच गोष्ट बघायची असते: मी काहीतरी केलं की समोरून उत्तर किती लवकर आणि किती सरळ मिळतं. प्ले दाबल्यावर गेम सुरू व्हायला अर्धा तास लागला तर आपण वैतागतो. गेममध्ये उडीचं बटण दाबल्यावर माणूस जरासा उशिरा उडाला तरी वैताग तोच असतो, फक्त त्याचं कारण आपल्याला बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून त्याला दोन्ही गोष्टी एकत्रच समजावून सांगितल्या, तशाच इथे सांगतो.

आम्ही शाळेत असताना गेम म्हणजे एक फोल्डर होता. डेव्ह, रोड रॅश, प्रोजेक्ट आयजीआय, पुढे व्हाइस सिटी. डेस्कटॉपवरच्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं की गेम सुरू. पेन ड्राइव्हमध्ये मावला की तो मित्राच्या घरी जायचा. त्यातलं जवळपास काहीच आम्ही विकत घेतलेलं नव्हतं. ते गेम बनवायला वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांना आमच्याकडून एक पैसाही गेला नाही, हे आज मनाला लागतं.

आता लाँचर म्हणजे काय ते बघू. आपल्या कॉम्प्युटरवर बसवलेला हा एक प्रोग्रॅम असतो आणि त्याच्याकडे बरीच कामं असतात. गेम विकणारं दुकान तोच. विकत घेतलेले गेम ठेवायचं कपाट तोच. गेममध्ये दुरुस्ती झाली की ती घरपोच आणून देणारा पोस्टमन तोच. आणि हा गेम खरंच याच माणसानं घेतलाय का, हे दारात उभं राहून तपासणारा वॉचमनही तोच. पहिली तीन कामं आपल्यासाठी असतात, चौथं कंपनीसाठी. लाँचरबद्दलची बहुतेक भांडणं या चौथ्या कामावरून होतात.

पहिला मोठा लाँचर स्टीम. तो अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीनं १२ सप्टेंबर २००३ ला सुरू केला, आणि त्यामागचं मूळ कारण दुकान थाटणं हे नव्हतं. व्हॉल्व्हचा काउंटर-स्ट्राइक तेव्हा जोरात होता. गेममध्ये सुधारणा आली की प्रत्येकानं ती फाइल कुठून तरी शोधून, उतरवून, हातानं बसवायची. ज्यानं बसवली नाही त्याला बाकीच्यांबरोबर खेळता यायचं नाही, कारण सगळ्यांची आवृत्ती एकच असावी लागते. त्यामुळे प्रत्येक सुधारणेनंतर काही दिवस बरेच खेळाडू बाहेर बसायचे. सगळ्यांचा गेम आपोआप ताजा ठेवणारी यंत्रणा कोणी करून देतं का, अशी विचारणा व्हॉल्व्हनं मायक्रोसॉफ्ट, याहू यांसारख्या मोठ्या कंपन्यांकडे केली. कोणी हात घातला नाही, तेव्हा त्यांनी ती स्वतःच बांधली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००४ मध्ये, व्हॉल्व्हचाच हाफ-लाइफ २ हा गेम आला आणि त्याची सीडी दुकानातून आणली तरी स्टीमवर नोंदणी केल्याशिवाय तो चालत नव्हता. पहिल्या दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी झाली की पैसे मोजून आणलेला खोका टेबलावर ठेवून लोक नुसते वाट बघत बसले. आज ज्या स्टीमचं लोक भरभरून कौतुक करतात, त्याची सुरुवात लोकांच्या रागानं झाली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

२००५ पासून स्टीमवर इतर कंपन्यांचेही गेम येऊ लागले आणि पोस्टमनचा दुकानदार झाला. या दुकानाचा नेहमीचा वाटा: विक्रीतले ३० टक्के. म्हणजे हजार रुपयांच्या गेममधले, कर बाजूला ठेवले तर, तीनशे स्टीमचे आणि सातशे गेम बनवणाऱ्याचे. छोट्या कंपनीला हे परवडतं, कारण गिऱ्हाईक तिथंच आहे. मोठ्या कंपनीला वाटतं, आपलं नावच एवढं मोठं आहे तर तीनशे दुसऱ्याला का द्यायचे? म्हणून २०११ मध्ये ईए या बड्या गेम कंपनीनं ओरिजिन नावाचा स्वतःचा लाँचर काढला. युबिसॉफ्टचा आला, बेथेस्डाचा आला, २०१९ मध्ये रॉकस्टारचा आला. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकनं आपलं दुकान उघडलं आणि वाटा ठेवला फक्त १२ टक्के. गिऱ्हाईक ओढायला त्यांनी गेम चक्क फुकट वाटायला सुरुवात केली. मे २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये घरोघरी बसलेल्या लोकांना त्यांनी जीटीए ५ फुकट दिला, तेव्हा अख्खं दुकान काही तास बंद पडलं होतं.

एवढं होऊनही लोक हलले नाहीत. मित्रांची यादी, जुने गेम, शेकडो तासांची नोंद हे सगळं एका जागी असताना माणूस दुसरीकडे घर करत नाही. ईए २०१९ च्या शेवटी स्टीमवर परत आली, युबिसॉफ्ट २०२२ च्या शेवटी आली, बेथेस्डानं तर २०२२ मध्ये आपला लाँचर बंदच केला. पण परत येताना काही कंपन्या आपला लाँचर बरोबर घेऊन आल्या. आता गेम घेतो एका दुकानात आणि तो उघडल्यावर दुसरा लाँचर उघडतो. भाच्याच्या रविवारचा अर्धा तास गेला तो इथं. कंपनीला तुमचा ईमेल हवा असतो, पुढचा गेम आणि गेममधलं चलन थेट विकायला वाट हवी असते. खेळणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसं काही पडत नाही. दोन वेगळ्या यंत्रांवरच्या मित्रांना एकत्र खेळता येणं हा एक खरा फायदा, पण एकट्यानं खेळायच्या गेमला त्याचा काय उपयोग?

लोकांनी ठरवलं तर हे जास्तीच्या अकाउंटचं दार काढायला लावता येतं, याचं एक उदाहरण ताजं आहे. मे २०२४ मध्ये सोनीनं आपल्या हेलडायव्हर्स २ या गेमच्या पीसीवरच्या खेळाडूंना सांगितलं की आता प्लेस्टेशनचं अकाउंट जोडावंच लागेल. कितीतरी देशांत ते अकाउंट अधिकृतपणे काढताच येत नव्हतं, म्हणजे पैसे भरून घेतलेला गेम त्यांच्या हातातून जाणार होता. लोकांनी स्टीमवर नापसंतीचे एवढे शेरे मारले की दोन-तीन दिवसांत निर्णय मागे घेतला गेला.

माझं मत विचाराल तर लाँचर ही गोष्ट मुळात वाईट नाही. मी स्वतः चोरीच्या सीड्या सोडल्या त्या लाँचरमुळेच. व्हॉल्व्हचा गेब न्यूवेल कितीतरी वर्षांपूर्वी म्हणाला होता की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न असतो, आणि माझ्या बाबतीत ते अक्षरशः खरं ठरलं. २०१५ मध्ये स्टीमवर किमती रुपयांत दिसू लागल्या. त्याच वर्षी गेम परत करून पैसे मिळायची सोय झाली. कॉम्प्युटर फॉरमॅट केला तरी खेळलेला गेम क्लाउडवर शाबूत राहू लागला. व्हायरसच्या भीतीनं अँटिव्हायरस बंद-चालू करत क्रॅक, म्हणजे चोरीचा गेम चालवून देणारी फाइल, शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपं होतं. एक सोय तर आपल्याकडे फारच कामाची आहे आणि पुष्कळांना ती माहीतच नसते. शंभर जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या कनेक्शनवर उतरवायला साधारण साडेचार तास लागतात. पण घरातल्या किंवा मित्राच्या लॅपटॉपवर तो आधीच असेल तर दोन्ही मशीन एकाच वायफायवर आणा. स्टीम शेजारच्या मशीनमधून फाइल उचलतो, इंटरनेटचा डेटा जवळपास लागत नाही. ही सोय २०२३ पासून आहे. आणि चार-पाच लाँचर बसवावेच लागले असतील तर प्लेनाइट नावाचा एक फुकट, मुक्त प्रोग्रॅम आहे. तो सगळ्या दुकानांतले गेम एका यादीत मांडून देतो. भाच्याच्या मशीनवर मी पहिल्याच दिवशी तो टाकला.

मात्र एक गोष्ट त्याला नीट बसवून सांगितली, कारण मला ती उशिरा कळली. आपण गेम विकत घेत नाही, तो खेळायची परवानगी विकत घेतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून स्टीम पैसे भरायच्या पानावरच हे लिहून दाखवतो. कॅलिफोर्नियात तसा कायदा झाला. त्याच वर्षी ३१ मार्चला युबिसॉफ्टनं द क्रू या २०१४ च्या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर बंद केले, आणि एकट्यानं खेळणाऱ्यालाही तो चालवता येईना, कारण तो पूर्णपणे सर्व्हरवर अवलंबून होता. पुढे तो लोकांच्या यादीतूनही गेला. त्यावरून गेम मारू नका अशी मोहीम युरोपात उभी राहिली आणि तिच्या मागणीखाली दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर बंद करायचा तर खुशाल करा, पण जाताना गेम कसाबसा तरी चालेल एवढी तजवीज करून जा. मला ती शंभर टक्के पटते.

याची झळ मलाही एकदा बसली. गणपतीला कोकणात घरी गेलो होतो. पावसामुळे बाहेर पडणं शक्य नव्हतं, नेटवर्क नव्हतं, लॅपटॉपवर एकट्यानं खेळायचा एक लांबलचक गेम होता, जो मी त्याच वेळेसाठी राखून ठेवला होता. प्ले दाबलं तर त्या कंपनीचा लाँचर म्हणे, बऱ्याच दिवसांत ओळख पटवलेली नाही, इंटरनेटला जोडा. पुरी किंमत मोजलेला गेम, माझ्याच डिस्कवर साठ जीबी जागा अडवून बसलेला, आणि चार दिवस मी तो उघडू शकलो नाही. तेव्हापासून प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री मी लाँचर ऑफलाइन करून, वायफाय बंद करून, गेम खरंच उघडतो का ते तपासतो. तुम्हीही तपासा.

ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी जीओजी आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीनं २००८ मध्ये हे दुकान जुने गेम विकायला उघडलं. या लोकांची कहाणी मला फार आवडते. नव्वदच्या दशकात पोलंडमध्येही आपल्यासारखीच परिस्थिती होती, बाजारात उघड्यावर चोरीच्या सीड्या विकल्या जायच्या. अशा जागी यांनी बाल्डर्स गेट हा गेम पोलिश भाषेत आणला, चांगल्या नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा आणि पुस्तिका घातली, आणि लोकांनी तो विकत घेतला. फुकट मिळणाऱ्या वस्तूला त्यांनी जास्त चांगल्या वस्तूनं उत्तर दिलं. जीओजीवरच्या गेमला वॉचमन नसतो. इन्स्टॉलरची फाइल उतरवायची, हार्ड डिस्कवर ठेवायची, दहा वर्षांनी इंटरनेट नसताना बसवायची. म्हणजे पुन्हा फोल्डर आणि दोनदा क्लिक. अगदी नवे आणि मोठे गेम तिथं सगळे मिळत नाहीत, पण जो गेम आपल्याला आयुष्यभर हवाय तो तिथं असेल तर मी तिथूनच घेतो.

दुकानाचं एवढं पुरे. आता गेमच्या आत शिरू.

सेलेस्ट नावाचा २०१८ चा एक गेम आहे. एक मुलगी डोंगर चढते, बस एवढंच. उडी, पकड आणि हवेत मारायची एक झेप, एवढीच तिची साधनं. दिसायला जुन्या पिक्सेलचा, पण एकदा हातात घेतला की सुटत नाही. का, ते जवळून बघण्यासारखं आहे. तुम्ही कड्याकडे धावताय आणि अगदी टोकावर उडी मारायचीय. डोळ्यांनी टोक बघितलं, मेंदूनं बोटाला सांगितलं, बोटानं बटण दाबलं. तेवढ्यात पाय टोकावरून निसटलेला असतो. नियमानं बघितलं तर तुम्ही हवेत आहात आणि हवेत उडी मारता येत नाही, म्हणजे पडायला हवं. पण गेम सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागापुरता कानाडोळा करतो आणि उडी मारू देतो. बनवणाऱ्यांच्या भाषेत याला कायोटी टाइम म्हणतात. कार्टूनमध्ये तो कोल्ह्यासारखा प्राणी कड्यापलीकडे धावत जातो, हवेत क्षणभर तसाच उभा राहतो आणि मग पडतो, त्यावरून हे नाव आलं. तसंच, जमिनीला पाय टेकायच्या किंचित आधी तुम्ही बटण दाबलंत तर गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताक्षणी उडी देतो. डोकं छताच्या कोपऱ्याला जरासं लागलं तर तो तुम्हाला हळूच बाजूला सरकवतो.

खेळणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. तो एवढंच म्हणतो की गेम हाताला छान लागतो. चेंडू बॅटच्या बरोबर मधोमध बसला की हाताला झटका जाणवत नाही आणि चेंडू निघून जातो, तसं. माझ्या लेखी गेमच्या मजेचा पाया हाच आहे. कथा, ग्राफिक्स, संगीत हे सगळं त्यावर उभं राहतं. हाताला नीट न लागणारा गेम सुंदर दिसत असेल तर आपण तो दोन दिवस बघतो, आठवडाभर खेळत नाही.

या हाताच्या लागण्यातला काही भाग गेम बनवणाऱ्याच्या हातात असतो, तर काही आपल्या मशीनच्या. भाच्याकडे गेलो तेव्हा त्याचा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा, मॉनिटर टेबलावर दिमाखात उभा होता. मी माऊस गोल गोल फिरवला आणि काहीतरी खटकलं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं आत गेलो. तिथं ६० हर्ट्झ लिहिलेलं होतं. नवा मॉनिटर लावला तरी तो आकडा आपोआप वर जाईलच असं नाही, हातानं निवडावा लागतो. १४४ केलं आणि माऊस त्याच्या हातात दिला. तो काहीच बोलला नाही, नुसता खिडकी इकडून तिकडे ओढत राहिला.

हे आकडे असे समजून घ्या. पडद्यावर सेकंदाला ३० चित्रं येत असतील तर प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं. ६० असतील तर सुमारे १७. १४४ असतील तर ७. तुम्ही बटण दाबलं की त्याचा परिणाम लवकरात लवकर पुढच्या चित्रात दिसणार, म्हणून चित्रं जितकी दाट तितकं उत्तर लवकर. ३० वरून ६० वर गेलात तर वाट बघणं सतरा मिलिसेकंदांनी कमी होतं, ६० वरून १४४ वर दहानं. म्हणजे सगळ्यात मोठा फरक पहिल्या पायरीवर पडतो. जुन्या लॅपटॉपवर ६० गाठण्यासाठी सावल्या आणि प्रतिबिंबं कमी करणं हे नवं महागडं ग्राफिक्स कार्ड घेण्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचं असतं.

पण सरासरीवर भाळू नका. समजा एका सेकंदात १०० चित्रं आली. त्यातली ९९ प्रत्येकी ८ मिलिसेकंदांत आली आणि एकाला २०८ लागली. बेरीज बरोबर एक सेकंद. सेकंदाला किती चित्रं आली ते सांगणारा पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा १०० दाखवणार, आणि तुम्हाला मात्र सणसणीत हिसका बसणार. घाटात एसटीचा सरासरी वेग कितीही चांगला असो, पोटाला आठवतात ती वळणंच. पीसीवरच्या या हिसक्यांचं एक नेहमीचं कारण शेडर हे असतं. शेडर म्हणजे आग, पाणी, धूर कसे रंगवायचे याच्या छोट्या सूचना. त्या प्रत्येक ग्राफिक्स कार्डाच्या भाषेत वेगळ्या उतरवाव्या लागतात. प्लेस्टेशनमध्ये एकाच तऱ्हेचं यंत्र असल्यानं हे काम आधीच करून ठेवता येतं. पीसीत कोणाकडे कुठलं कार्ड असेल सांगता येत नाही, म्हणून ते तुमच्याच मशीनवर होतं. गेमनं ते आधी केलं नाही तर पहिला स्फोट होतो त्याच क्षणी करायला घेतो, आणि चित्र अडतं. म्हणून सुरुवातीला शेडर तयार होत आहेत अशी पट्टी दिसली तर ती पुरी होऊ द्या, चहा टाका तोवर.

ऑनलाइन गेममध्ये यात पिंगची भर पडते, म्हणजे तुमचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट यांचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे पुण्या-नाशकाकडून खेळणाऱ्याचं बरंच सोपं झालंय. ज्या गेमचा जवळचा सर्व्हर सिंगापूरला आहे तिथं समोरचा कोपऱ्यातून डोकावतो तेव्हा त्यानं तुम्हाला आधीच बघितलेलं असतं. सायबर कॅफेतली ती मजा आता का येत नाही असं माझ्या वयाचे लोक विचारतात, त्याचं निम्मं उत्तर हेच. दहा मशीन एका वायरीवर होती, संदेशाला लांब जायचंच नव्हतं. उरलेलं निम्मं उत्तर शेजारच्या खुर्चीतला मित्र, ज्याला काउंटर-स्ट्राइकच्या डस्ट टू या नकाशावर मारल्यावर त्याची आरोळी हेडफोनच्या बाहेरून ऐकू यायची.

हाताचं जमलं की पुढचा प्रश्न लयीचा. व्हॉल्व्हच्याच २००८ च्या लेफ्ट ४ डेड मध्ये चार जण झोंबींच्या गावातून वाट काढतात. यात झोंबी कुठं आणि किती येणार हे आधी ठरलेलं नसतं. डायरेक्टर नावाचा एक प्रोग्रॅम प्रत्येक खेळाडूवर किती ताण आलाय याचा सतत अंदाज घेतो: कोणाला किती मार बसला, झोंबी किती जवळ येऊन पडले. ताण चढत जाऊ देतो, शिखरावर थोडा वेळ ठेवतो, मग मुद्दाम हात आवरतो आणि काही वेळ शांतता देतो. त्या शांततेत मित्र एकमेकांना मलमपट्टी करतात, पुन्हा चालू लागतात, आणि पाऊल हळू पडू लागतं, कारण आता काहीतरी येणार हे सगळ्यांना कळलेलं असतं. चांगला तबलजी सगळा वेळ द्रुत वाजवत नाही. ज्या गेममध्ये पहिल्या मिनिटापासून नुसता धुमाकूळ असतो तो वीस मिनिटांत कंटाळवाणा का होतो, हे मला हा गेम खेळून कळलं.

आणि तिसरं, तुम्ही कोण आहात. रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात एका मित्राबरोबर नुसत्या अक्षरांत चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा गेम केला होता. १९९६ मध्ये त्यांनी खेळणाऱ्यांचे चार स्वभाव मांडले आणि त्यांना पत्त्यांची नावं दिली. चौकटवाले संपत्ती, गुण, पदकं जमवतात. इस्पिकवाले खणत राहतात, कारण इस्पिकचं इंग्रजी नाव फावड्याचंही आहे. त्यांना नकाशाच्या कडेला काय आहे ते बघायचं असतं. बदामवाले माणसांसाठी येतात. किलवरवाले दुसऱ्याला हरवायला, आणि त्या पत्त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच दांडका. कोणी पूर्णपणे एका रंगाचा नसतो, पण हातात एक रंग जास्त असतो.

मी इस्पिक आहे. प्रागमधल्या छोट्या कंपनीचा फॅक्टोरिओ मला महिनोन्महिने पुरला. लोखंडाच्या पट्ट्या एका यंत्रातून दुसऱ्यात कशा नेल्या की कुठंच तुंबणार नाहीत, हे शोधण्यात रात्र जाते. तो गेम सवलतीत कधीच मिळत नाही, हे कंपनीनं जाहीर केलेलं धोरण आहे, आणि तरी तो विकला जातो. माझी बायको बदाम आहे. एका माणसानं सुमारे साडेचार वर्षं एकट्यानं राबून २०१६ मध्ये आणलेल्या स्टारड्यू व्हॅलीमध्ये ती शेताला पाणी घालते आणि गावातल्या प्रत्येकाचा वाढदिवस लक्षात ठेवते. दोघांनी एकमेकांचे गेम खेळून बघितले, दोघांचंही मन लागलं नाही. ते गेम उत्तमच आहेत. म्हणून एखाद्या गेमला सगळे दहापैकी दहा देत असतील आणि तुम्हाला तो कंटाळवाणा वाटत असेल तर तुमच्यात काही कमी नाही, पत्त्याचा रंग वेगळा आहे. सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून घेतलेले आणि कधीच न उघडलेले गेम बहुतेक दुसऱ्याच्या रंगाचे असतात.

एका गोष्टीपासून मात्र भाच्याला सावध केलं. रोज हजेरी लावली तर बक्षीस, सात दिवस चुकवले नाहीत तर मोठं बक्षीस, महिन्याच्या आत घेतलं नाही तर कायमचं गेलं, असल्या गोष्टी गेमकडे ओढतात खऱ्या, पण ती ओढ म्हणजे मजा नव्हे. पैसे भरून आत काय निघेल ते न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्या तर बेल्जियमनं २०१८ मध्ये जुगारात मोजल्या, आणि मला ते योग्यच वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे: आज बक्षीस नसतं तर मी हा गेम उघडला असता का?

भाच्यानं मध्येच विचारलं की आपल्याकडे कोणी असं काही बनवतं का. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये राजी आणला, पीसीवर ऑक्टोबरमध्ये. सर्कशीतली मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधते, दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे दिसतात. लढाई मला आणखी थोडी चटपटीत हवी होती, हाताला जरा जड लागते. पण झरोक्यांच्या, कमळाच्या तळ्यांच्या त्या वाटांवर मी नुसता चालत राहिलोय. इस्पिकवाल्यांनी जरूर खेळावा.

आता भाच्याचा दुसरा प्रश्न, बोअर निघाला तर? स्टीम आणि एपिकवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत देता येतो. जीओजीवर ३० दिवस आहेत. पैसे परत मागताना लाजायचं काही कारण नाही, ती सोय त्यासाठीच आहे. त्या दोन तासांत मी हे बघतो: सुरुवातीचा व्हिडिओ सोडून पुढं जातो, कारण घड्याळ चालू असतं, सेटिंग्ज लावतो, मग वीस मिनिटं फक्त चालतो, वळतो, उड्या मारतो. हाताला लागतोय का? नंतर एकदा तरी हरतो, आणि हरल्यावर दोष मला स्वतःचा वाटतो की गेमचा, हे बघतो. स्वतःचा वाटला आणि लगेच पुन्हा खेळावंसं वाटलं तर ठेवतो.

तीन अकाउंटवाला तो गेम भाच्यानं चाळीस मिनिटं खेळून परत केला आणि त्या पैशांतून सेलेस्ट घेतला. परवा ताईचा फोन आला. "अरे, तो त्या डोंगरावरून पडतो, पडतो, परत चढतो. किती वेळा मेला ते खाली लिहून येतंय, दोनशे चाळीस झालेत. आणि हा हसतोय. हे बरं आहे ना रे?"

बरं आहे, म्हटलं.